थेंबाचा मोडका मुकुट

दुधाचा थेंब दुधात पडतो तेव्हा नेमके काय होते, हे नुसत्या डोळ्यांनी आजवर कोणाला दिसलेले नाही. पागोळीखाली साचलेल्या पाण्यात आपल्याला दिसते ती नुसती तारांबळ: टपकन आवाज, एक उसळी, दोन-चार शिंतोडे आणि मग पसरत जाणारी वर्तुळे. मधले सगळे काही शतांश सेकंदांत उरकते. थेंब खड्डा पाडतो, खड्ड्याच्या काठावर पातळ भिंत उभी राहते, भिंतीच्या कडेला कंगोरे फुटून तिचा मुकुट होतो, कंगोऱ्यांच्या टोकांवरून बारीक मणी सुटतात, भिंत खचते आणि खड्ड्याच्या मधोमध एक खांब वर येतो. या खांबाला आजही ‘वर्दिंग्टन जेट’ म्हणतात. ज्या आर्थर मेसन वर्दिंग्टनचे (१८५२–१९१६) हे नाव, त्या इंग्रज प्राध्यापकाने जवळजवळ वीस वर्षे असे थेंब पाहिले, रेखाटले, त्यांच्यावर निबंध लिहिले. आणि १८९४ साली त्यांची छायाचित्रे हाती आल्यावर आपली आधीची चित्रे वाजवीपेक्षा सुबक होती, हे मान्य केले. पाण्याच्या चित्रणाचा इतिहास सहसा यंत्रांच्या वेगाचा इतिहास म्हणून सांगतात. कॅमेरा जलद झाला, तसे पाणी स्पष्ट होत गेले, असे त्याचे सूत्र. हे सूत्र अपुरे आहे. वेगाची अडचण खरीच होती, पण तिच्याहून चिवट अडचण पाहणाऱ्याच्या सुबकपणाच्या हव्यासाची होती, आणि वेगाची अडचण सुटल्यानंतरही ती पुनःपुन्हा डोके वर काढत राहिली.

हा हव्यास कॅमेऱ्याहून कितीतरी जुना. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला अडथळ्यावरून वाहणाऱ्या पाण्याची जी चित्रे काढली, त्यांतले भोवरे केसांच्या बटांसारखे वळलेले आहेत. पाण्याच्या पृष्ठभागाची हालचाल केसांसारखी असते, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. नजर अफाट होती, पण तिने पाण्याची वेणी घातली. पुढे छायाचित्रण आले तेव्हा उलटाच प्रकार झाला. ओल्या कलोडियनच्या काचांना प्रकाश टिपायला सेकंद न् सेकंद लागत, त्यामुळे धबधब्याचे चित्र म्हणजे खडकांमधून सोडलेला पांढरा शेला. एडवर्ड मायब्रिजने १८७२ साली योसेमिटीच्या दरीत काढलेल्या मोठ्या काचांवर पाणी असेच धुक्यासारखे उतरले आहे, आणि याच माणसाने सहाच वर्षांनी पालो आल्टोला धावत्या घोड्याचे चारही पाय हवेत पकडून दाखवले. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यांवर लाटा थोपवून दाखवल्या खऱ्या, पण समुद्राला पुरणारा प्रकाशकाल ढगांना मानवत नसे, म्हणून काही चित्रांत आकाश एका काचेवरचे आणि समुद्र दुसऱ्या काचेवरचा, असा जोड त्याला द्यावा लागला.

या काळातला सर्वांत विलक्षण माणूस मात्र छायाचित्रकार नव्हता. बेल्जियमचा जोसेफ प्लातो (ग्रीक तत्त्वज्ञाशी नुसता नामसाधर्म्याचा संबंध) याने १८३२ साली फिरत्या चकतीवरची चित्रे खाचांमधून पाहून हलती भासवणारे खेळणे तयार केले. सिनेमाच्या पूर्वजांमध्ये त्याचे नाव पहिल्या रांगेत येते. पुढे १८४०च्या दशकात त्याची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतरची तीस वर्षे त्याने द्रवांच्या आकारांचा अभ्यास केला: साबणाचे पडदे, तेलाचे गोळे, पाण्याच्या धारा. प्रयोग इतरांच्या हातांनी आणि डोळ्यांनी, तर्क त्याचा. हलते चित्र शोधणाऱ्याने पाणी न पाहताच त्याचा एक मोठा नियम गाठला. द्रवाचा दंडगोल स्वतःच्या परिघापेक्षा लांब झाला की तो टिकत नाही, त्याचे थेंब होतात, हे त्याने प्रयोगाने दाखवले. १८७८-७९मध्ये लॉर्ड रेले यांनी गणिताने त्यात भर घातली: धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट अंतरावरचे फुगवटे सर्वांत झपाट्याने वाढतात. अर्धवट उघड्या नळाची बारीक धार खाली जाऊन मण्यांत तुटते ती या नियमाने. मुकुटाच्या कंगोऱ्यांचा प्रश्न पुढे याच नियमाशी येऊन ठेपतो.

आता वर्दिंग्टनच्या अंधाऱ्या खोलीकडे वळू. काजळी धरलेल्या काचेच्या उथळ वाटीत पाऱ्याचा किंवा दुधाचा थेंब ठेवलेला असे. काजळीमुळे तो काचेला चिकटत नसे. वाटी एका तरफेच्या टोकाला. विद्युतचुंबकाचा प्रवाह तोडला की तरफ झटक्यात बाजूला होई आणि थेंब हवेत मोकळा सुटे. त्याच क्षणी दुसऱ्या तरफेवरून एक गोळी सुटे, ती खाली आदळली की मंडल तुटून ठिणगी पडे. ठिणगीचा उजेड सेकंदाच्या लक्षांशापेक्षाही कमी काळ टिकणारा. गोळी जरा उंचावरून सोडली की ठिणगी जरा उशिरा पडे, म्हणजे थेंबाची पुढची अवस्था उजळे. पाहणाऱ्याने अंधाराला सरावलेले डोळे रोखून बसायचे, क्षणभर दिसलेली आकृती डोळ्यांत मुरेपर्यंत धरायची आणि दिवा लावून कागदावर उतरवायची. मग पुन्हा नवा थेंब, पुन्हा अंधार. १८७६ साली रॉयल सोसायटीपुढे आलेल्या त्याच्या पहिल्या निबंधापासून हीच रीत होती. त्या चित्रमालिका आज पाहिल्या तर आपण चलच्चित्राच्या चौकटी चाळतो आहोत असेच वाटते. पण त्यातली प्रत्येक चौकट वेगळ्या थेंबाची आहे.

हा बारकावा सोडला तर पुढचे सगळे चुकीचे वाचले जाईल. १८९४च्या वसंतात ठिणगीच्या उजेडात छायाचित्रे मिळू लागली, आणि त्यांत मुकुटाचा एक काठ उंच, एक बुटका. कुठे दोन कंगोरे एकमेकांना चिकटलेले, कुठे मध्येच खिंडार. वर्दिंग्टनने जुन्या वह्या काढून पाहिल्या. वाकड्या, एकांगी आकृत्यांच्या नोंदी तिथे आधीपासून होत्याच. त्याने त्या पाहिल्या होत्या, काढल्याही होत्या, आणि छापताना बाजूला ठेवल्या होत्या, कारण हरेक प्रत्यक्ष थेंबामागे एक आदर्श थेंब आहे आणि दोष हे त्या त्या वेळचे अपघात आहेत, असे त्याने गृहीत धरले होते. लॉरेन डॅस्टन आणि पीटर गॅलिसन या इतिहासकारांनी ‘ऑब्जेक्टिव्हिटी’ या २००७च्या ग्रंथाची सुरुवातच या प्रसंगाने केली आहे. त्यांच्या मते हा वैज्ञानिकाच्या नीतीतला पालट: निसर्गातले आदर्श रूप वेचून दाखवणाऱ्या नजरेची जागा, आपला हात मागे घेऊन यंत्राला बोलू देणाऱ्या नजरेने घेतली. हे विवेचन मला पटते, पण त्यात पद्धतीची बाजू थोडी दुर्लक्षित राहते. वर्दिंग्टनला सुबक थेंबाची गरज होती ती केवळ सौंदर्यदृष्टीने नव्हे. शंभर वेगवेगळ्या थेंबांच्या एकेका क्षणातून एका थेंबाचे चरित्र रचायचे, तर सगळे थेंब सारखे वागतात हे मानावेच लागते. वाकडे थेंब मालिकेत घेतले असते तर मालिकाच उभी राहिली नसती. सारखेपणा हा त्याच्या प्रयोगाचा निष्कर्ष नव्हताच, त्याच्या प्रयोगाचा पाया होता.

यावर एक आक्षेप सरळ आहे. आदर्श रूप काढण्यात बिघडले काय? शरीरशास्त्राच्या तक्त्यावरचे हृदय कोणा एका माणसाचे नसते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. नियम महत्त्वाचा, एखादा कंगोरा वाकडा आला तर तो धूळ, हवेची झुळूक किंवा थेंबाची स्वतःची थरथर यांचा परिणाम, असे म्हणता येईल. आक्षेप खोटा नाही. भिंतीच्या कडेला तयार होणारी जाड गोट म्हणजे वाकवून कडे केलेला द्रवाचा दंडगोलच, आणि तो प्लातोच्या नियमाने फुगवट्यांत तुटू पाहतो, हे स्पष्टीकरण वर्दिंग्टनने स्वतःच स्वीकारले होते. पण नियमाचे बोलणे नीट ऐकायला हवे. कंगोरे साधारण किती अंतरावर यावेत एवढे तो सांगतो. पहिला कंगोरा कुठे फुटेल हे सांगत नाही. तंतोतंत गोल, तंतोतंत गुळगुळीत कड्याला कंगोरे फुटायला काही कारणच उरत नाही, कारण अस्थिरतेला सुरुवातीला कुठलातरी धक्का लागतो. जी धूळ, जी थरथर आपण दोष म्हणून पुसून टाकतो, ती नसती तर मुकुटही नसता. तक्त्यावरच्या हृदयातून एका रोग्याचे वैगुण्य काढून टाकता येते. थेंबातून वैगुण्य काढले तर घटनेचे कारणच निघून जाते. वर्दिंग्टनने पुढे आर. एस. कोल याच्याबरोबर छायाचित्रांच्या आधारे काम केले आणि १९०८ साली ‘ए स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ हे पुस्तक काढले. तिथेही प्रत्येक छायाचित्र वेगळ्या थेंबाचेच आहे. मात्र आता थेंब वाकडे असायला मोकळे होते.

दरम्यान पाणी पडद्यावर आले होते. रॉबर्ट पॉल आणि बर्ट एकर्स यांचा डोव्हरच्या खवळलेल्या समुद्राचा छोटा चित्रपट एप्रिल १८९६मध्ये न्यूयॉर्कला एडिसनच्या व्हिटास्कोप या प्रक्षेपकावर दाखवला गेला, आणि त्या संध्याकाळच्या नाचगाण्यांपेक्षा धक्क्यावर फुटणारी लाट लोकांच्या जास्त लक्षात राहिली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सहा चित्रफिती दाखवल्या, त्यांत एक समुद्रस्नानाची होती: पोरे फळीवरून धावत येतात आणि लाटांत उड्या घेतात. ऐन पावसाळ्यातल्या मुंबईकरांनी पैसे मोजून पडद्यावर पाणी पाहिले, हे आठवले की गंमत वाटते. पण या चित्रणात सेकंदाला साधारण सोळा चौकटी. दोन चौकटींमधल्या अंतरात वर्दिंग्टनचा अख्खा मुकुट उभा राहून कोसळला असता. प्रेक्षकांना लाट दिसली, ती डोळ्यांना दिसते तशीच. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याची वाट वेगळी होती. १८९३च्या सुमारास त्याने काचेच्या हौदातल्या पाण्यात चांदीचा मुलामा दिलेले, पाण्याइतक्याच घनतेचे बारीक मणी सोडले आणि त्यांच्या मागावर कॅमेरा लावला. लाटेखाली पाण्याचा कण कसा हलतो, हे त्या मण्यांच्या वाटांवरून वाचता येऊ लागले. लाट पुढे जाते, पाणी जवळजवळ जागच्या जागी घिरट्या घालते, हे गणिती लोकांना ठाऊक होते. आता ते कागदावर उमटले.

यंत्राने सुबकपणाची खोड मोडली असे मानायचे, तर हॅरल्ड एजर्टनचे काय करायचे? अमेरिकेतल्या एमआयटीच्या या विद्युत अभियंत्याने १९३०च्या दशकात स्ट्रोबोस्कोपचा दिवा इतका वेगवान आणि नियंत्रित केला की सेकंदाला हजारो लखलखाट पाडता येऊ लागले. वर्दिंग्टनला जे वेगवेगळ्या थेंबांतून जुळवावे लागले, ते आता एकाच थेंबातून सलग मिळत होते. तरीही एजर्टनच्या जगभर सर्वाधिक गाजलेल्या चित्रांपैकी एक म्हणजे दुधाच्या थेंबाचा मुकुट. १९३६चे कृष्णधवल, १९५७चे लाल पार्श्वभूमीवरचे रंगीत. मधली वीस-एक वर्षे हा माणूस तोच थेंब पुनःपुन्हा पाडत होता, अधिक चांगल्या मुकुटाच्या शोधात. जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसनच्या ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात १९१७ साली वर्दिंग्टनच्या चित्रांना जागा होती, १९४२च्या आवृत्तीत एजर्टनचे दूध आले. म्हणजे जी निवड पूर्वी पेन्सिल करत असे, ती आता निगेटिव्हच्या ढिगातून होऊ लागली. कॅमेरा खोटे बोलला नाही. शेकडो खऱ्यांतून एक देखणे खरे उचलले गेले. मात्र त्या १९५७च्या चित्रातही मणी एका मापाचे नाहीत. फरक इथेच पडतो. पेन्सिलीचा मुकुट कितीही सुबक करता येतो. दिव्याने पकडलेल्या मुकुटाला सुबकपणाची मर्यादा पाणीच घालून देते.

दुसरा आक्षेप अधिक मुळातला आहे. सेकंदाला हजार चौकटी टिपून चोवीसच्या गतीने दाखवल्या की एक सेकंद चाळीस सेकंदांहून जास्त लांबतो. असे पाणी जगात कुठेच नाही. ते मधासारखे ओघळते, काचेसारखे फुटते. मग याला पाणी म्हणायचे कशाला? उत्तर शोधायला प्रयोगशाळेपेक्षा चित्रपटांचे स्टुडिओ उपयोगी पडतात. हौदात जहाजाची प्रतिकृती सोडून वादळ चित्रित करणाऱ्यांना एक हिशेब पाठ असतो. सोळा मीटरची लाट कोसळायला सुमारे १.८ सेकंद लागतात, एक मीटरची ०.४५. म्हणजे प्रतिकृती सोळा पट लहान असेल तर कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला ९६ चौकटींनी चालवावा लागतो, तेव्हा पडद्यावरची लाट मोठ्या लाटेसारखी पडते. आपली नजर पाण्याच्या पडण्याच्या वेळेवरून त्याचा आकार ओळखते, आणि ती चांगलीच कसलेली आहे. तरी अशी दृश्ये पुष्कळदा खेळण्यातली वाटतात, कारण पृष्ठताण या हिशेबाला जुमानत नाही. पाच मिलिमीटरचा थेंब पडद्यावर आठ सेंटिमीटरचा होतो, आणि असा थेंब कोणत्याही समुद्रात नसतो. प्रेक्षकाला गणित येत नसले तरी फसवणूक कळते. सावकाश केलेले पाणी खोटे तेव्हा होते, जेव्हा त्याची खरी वेळ आणि खरे माप लपवले जाते. ती उघड सांगितली की तेच चित्र मोजमापाचे साधन बनते.

वेग उलट्या दिशेने बदलला की प्रश्नही उलटा होतो. एकेक चौकट अंतराने घ्यायची आणि सलग दाखवायची, या ‘टाइम लॅप्स’ युक्तीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्याचे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला तो असाच. (त्यांचा शेवटचा चित्रपट, १९३७चा ‘गंगावतरण’, पाण्याच्याच कथेवर होता.) पाण्याच्या बाबतीत या तंत्राची खरी कसोटी बर्फावर लागली. हिमनदी वाहते हे कॅमेऱ्याने सांगण्याची गरज नव्हती. जेम्स फोर्ब्सने १८४२ साली आल्प्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर खुणा रोवून, दुर्बिणीने मोजून, ती मध्यभागी जास्त आणि काठाशी कमी वेगाने सरकते हे सिद्ध केले होते. छायाचित्रकार जेम्स बॅलॉगने २००७ साली ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ सुरू करून हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवले, तेव्हा त्याने माहितीला दृश्याचे बळ दिले. ग्रीनलंडची याकोब्सहाव्न हिमनदी त्या काळात दिवसाला तीस मीटरहून अधिक सरकत होती, हा आकडा वाचून विसरायला होतो. तीच गोष्ट नदीसारखी वाहताना पाहिली की विसरत नाही. पण २८ मे २००८ रोजी त्याच हिमनदीच्या मुखाचा प्रचंड भाग ७५ मिनिटे कोसळत राहिला, ते टिपले साध्या गतीच्या कॅमेऱ्यांनी, तिथे तळ ठोकून बसलेल्या दोघांनी. अर्ध्या तासाला एक चौकट घेणाऱ्या कॅमेऱ्यात ती घटना दोन-तीन चौकटींत संपली असती. टाइम लॅप्स प्रवाह दाखवतो आणि प्रसंग गिळतो. मायब्रिजच्या धबधब्याची काचही हेच करत होती: हजारो उसळ्या एकावर एक रचून तिने एक गुळगुळीत शेला विणला. गतिमान चित्रणात वर्दिंग्टनचा आदर्श थेंब मागच्या दाराने परत येतो, फक्त आता सरासरी काढण्याचे काम यंत्र करते.

म्हणून टाइम लॅप्स टाकाऊ ठरत नाही. २०११ साली बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिकेत अंटार्क्टिकाच्या समुद्रबर्फाखाली उतरणारी बर्फाची नळी पहिल्यांदा घडताना दिसली. समुद्र गोठताना मीठ बाहेर फेकले जाते, त्याचे अतिथंड, जड, खारे पाणी खाली ओघळते आणि भोवतालच्या पाण्याला गोठवत स्वतःभोवती नळी रचत जाते. तळाला टेकल्यावर ती तिथल्या तारामाशांवरून बर्फ पसरवत पुढे सरकते. ही प्रक्रिया काही तासांची: डोळ्याला फार संथ, भूगर्भाच्या मानाने फार जलद. अशा मधल्या वेगांच्या घटना माणसाच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटतात. तिथे चौकटींमधले अंतर नेमके निवडले होते, म्हणून नळीची वाकणे आणि तिचा प्रवाहाबरोबरचा हेलकावाही दिसला.

थेंबाची गोष्ट यानंतरही संपली नव्हती. शिकागो विद्यापीठात लेई शू, वेंडी झांग आणि सिडनी नेगल यांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कोरड्या, गुळगुळीत काचेवर अल्कोहोलचा थेंब पाडायचा, सेकंदाला हजारो चौकटींनी टिपायचा, आणि ज्या पेटीत हे घडते तिच्यातली हवा हळूहळू काढून घ्यायची. नेहमीच्या दाबाला थेंब आदळतो, कड वर उचलली जाते, मुकुट होतो, शिंतोडे उडतात. हवेचा दाब सुमारे सहाव्या हिश्श्यावर आणला, तर तोच थेंब, तेवढ्याच उंचीवरून, काचेवर नुसता पसरतो. ना मुकुट, ना मणी, ना एकही शिंतोडा. वर्दिंग्टनच्या पहिल्या निबंधापासून एकशे एकोणतीस वर्षे सगळे द्रवाकडे पाहत होते: त्याचा चिकटपणा, त्याचा पृष्ठताण, त्याची उंची, त्याचे वैगुण्य. निदान कोरड्या काचेवरचा मुकुट उभा करण्यात थेंबाच्या आजूबाजूच्या हवेचा वाटा होता, आणि ती कोणत्याही चौकटीत दिसत नव्हती.